साखर वाढण्याआधीचे आठवडे

१९७४ साली जपानमधल्या शिओनोगी या औषध कंपनीच्या आबुराही प्रयोगशाळेत एक उंदरीण एकाएकी भरमसाट पाणी पिऊ लागली. लघवी वाढली, लघवीतून साखर जाऊ लागली, वजन झरझर उतरले. सुसुमु माकिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांच्या घराण्यातून तेव्हा दोन शाखा वेगळ्या काढल्या होत्या. एका शाखेत उपाशीपोटी रक्तातली साखर चढी असणारे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या निवडले जात, दुसऱ्या शाखेत ती अगदी सामान्य असणारे. दुसरी शाखा होती ती निव्वळ तुलनेसाठी. पाणी पिणारी उंदरीण निघाली या तुलनेच्या शाखेतली, विसाव्या पिढीतली. तिच्या वंशातून तयार केलेल्या वाणाचे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव मिळाले ‘नॉन-ओबीज डायबेटिक’, म्हणजे अंगाने लठ्ठ नसलेला तरीही मधुमेही. जगभरच्या प्रयोगशाळांत आज तो एनओडी उंदीर म्हणून ओळखला जातो. ज्या शाखेत साखर वाढावी म्हणून निवड चालली होती, तिच्यातून असा मधुमेह उपजलाच नाही.

हे पुस्तक ज्या प्रश्नाभोवती लिहिले आहे, तो या हकिगतीत आयताच सापडतो. उपाशीपोटीची साखर सामान्य आहे ना, या कसोटीवर पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या घराण्यात या रोगाची सगळी पूर्वतयारी होती आणि साखरेच्या मोजणीला तिचा पत्ता लागला नाही. लागणारही नव्हता. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते, आणि रक्तातली साखर सर्वांत शेवटी बिघडते. तोवर बरेच काही होऊन गेलेले असते. ते काय, कोणत्या क्रमाने घडते आणि कोणत्या टप्प्यावर ते थांबवता येण्याजोगे असते, हे सांगणारा सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे हा वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा प्राणी.

लहान मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे कळते, तेव्हा आईवडिलांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडते ते बहुधा हेच : ‘परवापरवापर्यंत ठणठणीत होता हो, एकाएकी कसं झालं?’ मग शोध सुरू होतो. कुणी नुकत्याच येऊन गेलेल्या तापाला दोष देतो, कुणी गणपतीत खाल्लेल्या मोदकांना, कुणी परीक्षेच्या धसक्याला. आजी स्वतःच्या शुगरचा संबंध नातवाशी लावून कष्टी होते. मोदकांचा यात काडीचाही संबंध नाही. आजीचा मधुमेह बहुतेक वेळा टाइप २ असतो, तो वेगळा रोग. ताप हे फार तर निमित्त. त्या मुलाच्या स्वादुपिंडात कित्येक महिने, बहुधा काही वर्षे, जे चालले होते ते घरातल्या कुणालाच दिसणे शक्य नव्हते. डॉक्टरांनाही नव्हते. हे आईबापांना नीट समजावून सांगितले, तर त्यांच्या मनावरचे एक ओझे खरोखर उतरते, आणि केवळ तेवढ्यासाठीही हा विषय मराठीत सविस्तर यायला हवा असे मला वाटते.

माणसाच्या बाबतीत ही पूर्वतयारी प्रत्यक्ष पाहणे जवळजवळ अशक्य आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे खोलवर दडलेले असते आणि त्याला धक्का लागला तर त्यातली पाचकद्रव्ये आसपासच्या ऊतींना खाऊ लागतात. नॉर्वेमध्ये नुकतेच निदान झालेल्या प्रौढ रुग्णांनी संशोधनासाठी स्वादुपिंडाचा छोटा तुकडा शस्त्रक्रियेने काढून द्यायला संमती दिली होती. सहा रुग्णांनंतर गुंतागुंत उद्‌भवल्यामुळे तो उपक्रम थांबवावा लागला. त्याआधी, १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी निदानानंतर थोड्याच काळात दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली होती आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत, म्हणजे लँगरहान्सच्या द्वीपकांत, लिम्फोसाइट या प्रतिकारपेशींची गर्दी दाखवून दिली होती. पण शवविच्छेदन शेवटचे दृश्य दाखवते. त्याच्या आधीचे अंक पाहायचे, तर दर आठवड्याला नव्याने पाहता येईल असे शरीर लागते.

ते पाहताना काय दिसते, ते इथे जरा सावकाश सांगतो.

पिल्लू दोन आठवड्यांचे असते तेव्हा त्याच्या द्वीपकांत बीटा पेशींच्या मरणाची एक छोटी लाट येऊन जाते. यात रोगट काही नाही. स्वादुपिंडाची घडण चालू असते, काही पेशी जातात, नव्या येतात, आणि ज्या वाणांना मधुमेह होत नाही त्यांच्या पिल्लांतही हे होतेच. मेलेल्या पेशींचे अवशेष डेंड्रायटिक पेशी उचलतात आणि स्वादुपिंडालगतच्या लसिकागाठींत घेऊन जातात. तिथे टी पेशींची, म्हणजे लक्ष्य ओळखून हल्ला चढवणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची, ये-जा असते. निरोगी वाणात ही भेट निष्फळ ठरते. एनओडीच्या पिल्लात मात्र काही टी पेशींना त्या अवशेषांत आपले लक्ष्य सापडते आणि त्या वाढू लागतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक साधा पण फार बोलका प्रयोग केला. तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या या लसिकागाठी त्यांनी काढून टाकल्या, आणि ती पिल्ले मधुमेहापासून बचावली. तीच शस्त्रक्रिया दहा आठवड्यांच्या उंदरांवर केली तेव्हा तिचा काही उपयोग झाला नाही. शिकवणी संपली होती आणि शिकून बाहेर पडलेल्या पेशी कधीच द्वीपकांपाशी पोचल्या होत्या.

चौथ्या आठवड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर पाचकरस बनवणाऱ्या गडद पेशींच्या दाटीत द्वीपके फिकट गुलाबी, गोलसर, शांत दिसतात. नीट पाहिले तर एखाद्याच्या कडेला, रक्तवाहिनी किंवा नलिका जाते त्या बाजूला, जांभळ्या-निळ्या ठिपक्यांची चिमूटभर गर्दी असते. हे लिम्फोसाइट. आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत तिचा ढीग होतो. कधी तो द्वीपकाहूनही मोठा असतो. त्यात सहायक टी पेशी असतात, मारक टी पेशी असतात, बी पेशी असतात, आणि सगळे मिळून जणू एक नवी लसिकागाठच तिथे उभी राहते. चकित करणारी बाब ही की हा ढीग आठवडेच्या आठवडे कडेलाच बसून राहतो. द्वीपकाची सीमा शाबूत, आतल्या बीटा पेशी इन्सुलिनने भरलेल्या, रक्तातली साखर सामान्य. उंदीर खातो, खेळतो, त्याला पिल्ले होतात.

मग, बाराव्या आठवड्याच्या आसपास किंवा नंतर कधीतरी, ती सीमा फुटते. पेशी आत घुसतात. एका द्वीपकात त्या घुसलेल्या असतात, त्याच छेदात शेजारचे द्वीपक अजून कोरेही असते. म्हणून एका काचपट्टीवरून निष्कर्ष काढू नये, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पहिल्यांदा शिकवावे लागते. शेवटच्या अवस्थेतले द्वीपक मला सर्वांत उदास करते. ते लहान, आक्रसलेले असते, त्यात ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी राहिलेल्या असतात आणि आजूबाजूला एकही लिम्फोसाइट नसतो. बीटा पेशी संपल्या की हल्लेखोरही निघून जातात. फक्त हाच छेद एखाद्याच्या हाती दिला, तर इथे काही लढाई झाली होती असे त्याच्या मनातही येणार नाही.

प्राणीगृहात काम करणाऱ्यांना हा शेवट आधी कळतो तो पिंजऱ्यातल्या ओल्या तुसावरून. तूस नेहमीपेक्षा लवकर भिजलेला दिसला की शेपटीच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि घरोघरी असतो तसल्याच ग्लुकोमीटरवर साखर मोजतात. ती लागोपाठ दोन वेळा २५० मिलिग्रॅमच्या वर आली की उंदीर मधुमेही धरायचा, अशी बहुतेक ठिकाणची रीत आहे. इन्सुलिन दिले नाही तर तो फार दिवस जगत नाही.

टी पेशी नेमके काय ओळखतात, या प्रश्नाने कित्येकांची उमेदीची वर्षे घेतली. बीटा पेशीत लक्ष्य होऊ शकतील अशी प्रथिने पुष्कळ आहेत : जीएडी, आयजीआरपी, क्रोमोग्रॅनिन ए आणि अर्थातच खुद्द इन्सुलिन. अलीकडे तर इन्सुलिनचा तुकडा दुसऱ्या प्रथिनाच्या तुकड्याला जोडला जाऊन बनलेली संकरित पेप्टाइडेही सापडली आहेत. सुरुवात कुठून होते, हे उलगडले ते उंदराच्या एका सोयीच्या वैशिष्ट्यामुळे. माणसाला इन्सुलिनचे एकच जनुक असते, उंदराला दोन. त्यातले दुसरे जनुक थायमसमध्येही वाचले जाते, जिथे टी पेशींना स्वकीयांची ओळख करून दिली जाते. हे दुसरे जनुक काढून टाकले तर एनओडीला मधुमेह लवकर होतो, कारण इन्सुलिनची ओळख न पटलेल्या टी पेशी बाहेर पडतात. पहिले काढले तर बहुतेक उंदीर वाचतात. मग २००५ मध्ये माकी नाकायामा, जॉर्ज आयझेनबार्थ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जनुके काढून त्यांच्या जागी असे इन्सुलिन बसवले, ज्याच्या बी साखळीतले सोळावे अमिनो आम्ल टायरोसिनऐवजी अलॅनिन होते. साखर सांभाळण्याचे काम ते व्यवस्थित करत होते. टी पेशींना मात्र ते ओळखता आले नाही, आणि त्या उंदरांना मधुमेह झाला नाही. एका रेणूतल्या एका कडीवर इतके काही अवलंबून असू शकते, हे वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

क्रमाचा आणखी एक पुरावा मेलबर्नहून आला. प्रोइन्सुलिनशी न भांडणारी प्रतिकारयंत्रणा घेऊन जन्मणारे एनओडी उंदीर तिथे तयार केले गेले, तेव्हा त्यांच्यात आयजीआरपीविरुद्धचा हल्लाही उभा राहिला नाही. उलट आयजीआरपीशी न भांडणाऱ्या उंदरांना मधुमेह व्हायचा तो झालाच. म्हणजे इन्सुलिन हे दार, बाकीची लक्ष्ये आतली दालने. आग एकदा आत शिरली की ती एका प्रथिनावरून दुसऱ्यावर पसरते, आणि मग दार बंद करून उपयोग नसतो. उपचारांच्या प्रकरणात वाचकाला हे पुन्हा आठवावे लागेल.

या सगळ्याचा जनुकीय पाया मुख्यतः एका ठिकाणी आहे. टी पेशींपुढे प्रथिनांचे तुकडे धरणारे रेणू असतात. एनओडीच्या अशा रेणूत ५७व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल नसते, आणि माणसात टाइप १ मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या डीक्यू८ या रेणूतही नेमक्या त्याच जागी ते नसते. १९८७ मध्ये हे साम्य समोर आले, तेव्हा उंदराचा आणि माणसाचा रोग एकाच घराण्यातला आहे यावर अनेकांचा विश्वास बसला. भारतीय वाचकाच्या मनात इथे शंका येईल की ही सगळी जनुके युरोपीय लोकांत अभ्यासलेली, त्यांचा आपल्याशी काय संबंध? पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनमधले एक्सेटर विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की युरोपीय माहितीवर बेतलेले टाइप १ चे जनुकीय मोजमाप भारतीय रुग्णांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे काढायला उपयोगी पडते, जरी काही फरक आहेत. आपल्याकडे तरुण वयात, सडपातळ अंगयष्टीतही टाइप २ दिसतो, त्यामुळे या कामाचे मोल मोठे आहे.

जनुकांबद्दल एवढे बोलून झाल्यावर आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. एनओडी हा अंतर्प्रजनित वाण आहे. त्यातल्या सगळ्या माद्या एकमेकींच्या एकरूप जुळ्या म्हणाव्यात अशा. एकाच पिंजऱ्यात राहणाऱ्या, एकच दाणा खाणाऱ्या, एकाच नळीतून पाणी पिणाऱ्या पाच बहिणी घ्या. एकीला तेराव्या आठवड्यात मधुमेह होतो, दुसरीला अठराव्या, तिसरीला तिसाव्या, आणि एखादी म्हातारी होऊन मरते, पण तिची साखर कधी वाढत नाही. चांगल्या सांभाळलेल्या वसाहतीत तीस आठवड्यांपर्यंत ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, १०० टक्क्यांना नाही. आणि न होणाऱ्या मादीचे स्वादुपिंड उघडून पाहिले तर तिथेही द्वीपकांभोवती ढीग असतातच! नरांचेही तेच. ढीग जवळजवळ सगळ्यांत, मधुमेह मात्र साधारण १० ते ३० टक्क्यांत, तोही उशिरा.

याचा अर्थ, ढीग जमणे आणि ढिगाने आत घुसणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मध्ये काहीतरी आडवे येते. दियान मॅथिस आणि ख्रिस्तोफ बेनवा यांच्या गटाने १९९० च्या दशकात या अडथळ्यांना ‘तपासणी नाके’ म्हटले. एक नाके द्वीपकांपाशी जमण्याआधी, दुसरे विध्वंसाआधी. दुसऱ्या नाक्यावर कोण उभे असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे : नियामक टी पेशी. त्या काढून टाकल्या किंवा त्यांची वाढ खुंटवली, तर कडेला बसलेला ढीग काही आठवड्यांत आत घुसतो. या पेशींना जगायला इंटरल्युकिन-२ लागते, आणि एनओडीच्या त्या जनुकाचा प्रकार कमी उत्पादन देणारा आहे. मग एकरूप बहिणींत एकीचा पहारा टिकतो आणि दुसरीचा मोडतो, तो का? टी पेशींचे ग्राहक रेणू प्रत्येक शरीरात नव्याने, बऱ्याच अंशी यदृच्छेने जुळवले जातात, हे एक उत्तर. माझ्या मते उरलेल्या उत्तराचा मोठा भाग जनुकांच्या बाहेर आहे.

बाहेर म्हणजे कुठे, याचे काही पुरावे थक्क करणारे आहेत. एनओडीची वसाहत जितकी स्वच्छ, तितका मधुमेह जास्त. एखाद्या प्राणीगृहात मधुमेहाचे प्रमाण एकाएकी घसरले तर अनुभवी माणसे आनंदित होत नाहीत, संसर्ग शिरला असावा म्हणून आधी तो शोधतात. २००८ मध्ये ली वेन, अलेक्झांडर चेर्वोन्स्की आणि सहकाऱ्यांनी जंतूंची चाहूल प्रतिकारयंत्रणेला देणारा एक रेणू एनओडीतून काढला. नेहमीच्या स्वच्छ वसाहतीत ते उंदीर मधुमेहापासून वाचले, पण पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवल्यावर त्यांना मधुमेह झाला. म्हणजे संरक्षण करत होते ते आतड्यातले जंतू. २०१३ मध्ये तर प्रौढ नरांच्या आतड्यातले जंतू कोवळ्या माद्यांना दिल्यावर त्या माद्यांतले टेस्टोस्टेरॉन वाढले आणि मधुमेह कमी झाला, असे दिसले. नरांचे वृषण काढले तर त्यांच्यात मधुमेह वाढतो, हे आधीपासून माहीत होतेच. आईच्या रक्तातून गर्भात जाणारी इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे अडवली तरी पिल्लांचे रक्षण होते, असेही एका गटाने दाखवले आहे. जन्माच्याही आधीपासून ही घडी बसू लागते.

आता उपचारांकडे वळतो, कारण इथेच या उंदरावर सर्वांत जास्त राग काढला गेला आहे.

एनओडीचा मधुमेह टाळणे फार सोपे आहे. इन्सुलिन टोचा, इन्सुलिन खायला घाला, निकोटिनामाइड द्या, बीसीजीची लस द्या, जंतांचा संसर्ग करा. २००५ मध्ये झालेल्या एका विस्तृत आढाव्यात अशा शेकडो प्रयोगांची छाननी आहे. या यशांच्या जोरावर माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत रुग्णांच्या ८० हजारांहून अधिक नातेवाइकांची रक्ततपासणी करून त्यातल्या मोठा धोका असलेल्या ३३९ जणांपैकी काहींना इन्सुलिनच्या लहान मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. २००२ मध्ये निकाल आला : काही फरक नाही. युरोपातल्या निकोटिनामाइडच्या चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला, तोही तसाच. मग ‘उंदीर बरे करणे सोपे आहे’ हे वाक्य परिषदांतून उपहासाने ऐकू येऊ लागले आणि या प्राण्यावर विसंबणेच चूक होते, असे म्हणणारा एक पक्ष तयार झाला.

मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. यशस्वी ठरलेले बरेच प्रयोग कोवळ्या उंदरांवरचे होते, तीन-चार-पाच आठवड्यांच्या. त्या वयात प्रतिकारयंत्रणेला जरासा धक्का दिला तरी वाट बदलते. चाचणीत आलेल्या माणसांच्या रक्तात द्वीपकांविरुद्धची प्रतिपिंडे आधीच होती, म्हणजे ती माणसे उंदराच्या भाषेत आठव्या-दहाव्या आठवड्याच्या पुढे गेलेली होती. उंदराने ‘काय द्यावे’ याचे उत्तर दिले, तेवढे आपण ऐकले. ‘केव्हा द्यावे’ हे तो तितक्याच स्पष्टपणे सांगत होता, ते फारसे कुणी ऐकले नाही.

ज्यांनी ते ऐकले, त्यांच्यात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातल्या ल्युसिएन शातनू आणि झां-फ्रांस्वा बाख यांचे नाव आधी घेतले पाहिजे. त्यांनी उलटे टोक निवडले. साखर वाढलेल्या, नुकत्याच मधुमेही झालेल्या उंदरांना त्यांनी टी पेशींवरच्या सीडी३ या रेणूला चिकटणारे प्रतिपिंड सलग पाच दिवस दिले. १९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की ६४ ते ८० टक्के उंदरांची साखर पूर्ववत झाली आणि तशीच राहिली. निदानाच्या दिवशीही काही बीटा पेशी शिल्लक असतात, त्यातल्या काही नुसत्या दमून गप्प झालेल्या असतात, आणि मारा थांबला तर त्या पुन्हा कामाला लागतात, हेही त्यातून पुढे स्पष्ट झाले. माणसासाठी घडवलेले याच जातीचे प्रतिपिंड म्हणजे टेप्लिझुमॅब. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिपिंडे असलेल्या आणि साखर किंचित बिघडू लागलेल्या ७६ नातेवाइकांपैकी काहींना ते १४ दिवस दिले गेले. औषध न मिळालेल्यांत मधुमेह व्हायला मध्यमानाने २४ महिने लागले, औषध मिळालेल्यांत ४८. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ वर्षांपुढच्या अशा व्यक्तींसाठी त्याला मान्यता दिली. टाइप १ मधुमेह लांबवणारे हे पहिले मान्यताप्राप्त औषध. दोन वर्षे म्हणजे काय मोठे, असे काहींना वाटते. आठ वर्षांच्या मुलाला दहाव्या वर्षापर्यंत सुया, रात्रीची साखर घसरण्याची धास्ती आणि शाळेच्या डब्यातले मोजमाप यांपासून सुटका मिळत असेल, तर मी तरी तिला लहान म्हणणार नाही.

उंदीर आणि माणूस यांत फरक आहेत, आणि ते या पुस्तकात झाकलेले नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठातून २००७ पासून चालणाऱ्या एनपॉड या उपक्रमात अवयवदात्यांची स्वादुपिंडे अभ्यासली जातात. तिथे दिसणारी माणसाच्या द्वीपकांभोवतीची गर्दी उंदराच्या ढिगापुढे अगदीच विरळ असते, कित्येकदा शोधूनच काढावी लागते. माणसात मुलींना हा रोग जास्त होत नाही. उंदराचे आठवडे माणसात वर्षे होतात. शिवाय एनओडी हा एकाच जनुकसंचाचा प्राणी आहे. हजार एनओडी पाहणे म्हणजे एकच रुग्ण हजार वेळा पाहणे. त्या एका रुग्णाने सांगितलेले सगळ्यांना लागू करताना जपूनच राहायला हवे.

तरीही मूळ आराखडा जुळतो. आयझेनबार्थ यांनी १९८६ मध्ये माणसातल्या टाइप १ चा आलेख मांडला : आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर बीटा पेशी, आणि हळूहळू उतरत जाणारी रेघ. २०१५ मध्ये या रोगाचे तीन टप्पे औपचारिकपणे ठरले. पहिल्या टप्प्यात दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे असतात पण साखर सामान्य असते, दुसऱ्यात साखर थोडी बिघडते, तिसऱ्यात लक्षणे दिसतात. म्हणजे लक्षणे नसलेल्या, साखर सामान्य असलेल्या मुलालाही आता रोगाच्या पहिल्या टप्प्यात धरले जाते. अशा मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला तेव्हा एकाहून अधिक प्रतिपिंडे दिसल्यानंतर १० वर्षांत सुमारे ७० टक्क्यांना मधुमेह झाल्याचे आढळले. टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडांची तपासणी करावी का, आणि केली तर निकाल घरच्यांना कशा शब्दांत सांगावा, हे प्रश्न आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांपुढेही येऊ लागतील. शेवटच्या प्रकरणात त्यांची चर्चा आहे आणि त्यात माझी मते मी मोकळेपणाने मांडली आहेत.

पुस्तकाची रचना उंदराच्या वयाप्रमाणे आहे. गर्भापासून सुरुवात होते आणि चाळिसाव्या आठवड्यापर्यंत आपण जातो. जनुकांचे प्रकरण वैद्यकाबाहेरच्या वाचकाला जड जाईल. ते सोडून थेट लसिकागाठींच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही, आणि इन्सुलिनच्या दोन जनुकांचा संदर्भ लागेल तिथे परत यावे.